निवेदनातला तिसरा परिच्छेद

अनेक आशीर्वाद, वि. वि.

मतदान यंत्रांबद्दलचं तुझं निवेदन पोचलं. एकदा रात्री वाचलं, एकदा सकाळी. पहिलं पान चांगलं उतरलंय, तिथे फक्त ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आहेत. तिसरा परिच्छेद मात्र सबंध खोडलाय. पाहून राग येईल. येऊ दे, पण पत्र पुरतं वाच.

त्या परिच्छेदात तू म्हणतेस, 'मतदान यंत्रांमध्ये मोठ्या प्रमाणावर फेरफार झाले आहेत.' लगेच पुढे म्हणतेस, 'यंत्राने मोजलेली मतं तपासून पाहण्याची कोणतीही सोय आज नाही.' आता मला सांग, दुसरं वाक्य खरं असेल तर पहिलं तुला कळलं कुठून? तपासता येत नाही म्हणतेस आणि तपासाचा निकालही सांगून मोकळी होतेस. ज्याच्या टेबलावर हा कागद जाणार आहे त्याची हयात फायली वाचण्यात गेलेली असते. ही गाठ त्याला पहिल्या मिनिटाला सापडेल, आणि मग बाकीच्या परिच्छेदांकडे तो ढुंकूनही बघणार नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. स्वतःच्याच चुका शोधण्यात निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे 'यंत्र चुकत नाही' असं कुणी म्हटलं की मला हसू फुटायचं. वीसेक वर्षांपूर्वी एका सभेत त्याच भरात मी बोलून गेले की अमुक एक निकाल बदलला गेलाय. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. बऱ्याच मोजण्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. शांतपणे म्हणाले, 'बाई, किती मतं? कुठल्या केंद्रावरची?' माझ्याकडे आकडा नव्हता, केंद्र नव्हतं. 'असं होऊ शकतं' एवढंच माझ्याकडे होतं आणि ते मी 'असं झालं' म्हणून खपवलं होतं. त्यानंतर निवडणूक कार्यालयाचं दार मला उघडायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मी जे खरं बोलत होते तेही कुणी ऐकून घेतलं नाही.

घोटाळा झाला, हे सिद्ध करायचं ओझं म्हणणाऱ्यावर असतं. मोजणी बरोबर झाली, हे दाखवायचं ओझं मोजणाऱ्यावर असतं. तिसऱ्या परिच्छेदात तू पहिलं ओझं उचलून आपल्या डोक्यावर घेतलंयस, काही गरज नसताना.

तुझ्या मित्राचा तो प्रश्न, बँकेचे व्यवहार फोनवर होतात मग मतदानाचं एवढं काय, त्याचं उत्तर निवेदनात सुरुवातीलाच यायला हवं. लोक तिथेच अडतात. बँकेतली चूक सापडते कारण प्रत्येक व्यवहाराला नाव चिकटलेलं असतं. पैसे कमी दिसले की खातेदार दारात येऊन उभा राहतो. मताला नाव चिकटवता येत नाही. इतकंच काय, 'मी अमक्याला मत दिलं' अशी पावतीसुद्धा मतदाराला घरी नेऊ देता येत नाही. पावती हातात आली की ती दाखवून पैसे मागता येतात, किंवा ती दाखव म्हणून कुणी दमदाटी करू शकतो. 1856 साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने सरकारने छापलेली मतपत्रिका आणि आडोशाला जाऊन खूण करायची रीत आणली ती याच दोन्ही गोष्टी थांबवायला. म्हणजे मतपत्रिका पेटीत पडली की त्या क्षणापासून ते मत कुणाचंच राहत नाही. ते हरवलं तर तक्रार करायला मालक येणार नाही. म्हणून मताची एखादी वस्तू मागे उरली पाहिजे. ती मतदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी आणि नंतर कुणालाही हातात घेऊन मोजता यायला हवी. कागदाचा हट्ट आहे तो एवढ्यासाठी. जुन्या काळाचं प्रेम वगैरे काही नाही. मी आयुष्यभर संगणकावर काम केलं म्हणूनच कागद मागते.

उदाहरणं तू भरपूर घातली आहेस, पण नुसती ओळीने मांडली आहेस. त्यातली दोन शेजारी शेजारी ठेवून बघ. 2004 साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्टरेट काउंटीत, यंत्राची स्मृती भरली. यंत्र मतं घेत राहिलं, साठवली मात्र नाहीत. 4,438 मतं नाहीशी झाली. राज्याच्या कृषी आयुक्तपदाच्या लढतीत तेव्हा अंतर होतं 2,287 मतांचं. कागद नव्हता, त्यामुळे ती मतं परत आणायचा मार्ग उरला नव्हता. कुणी हॅकर नाही, कुणाचं कारस्थान नाही, एक भरलेली स्मृती फक्त. दुसरं उदाहरण 2019 चं, पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थॅम्प्टन काउंटीचं. न्यायाधीशपदाच्या एका उमेदवाराला सुमारे 55,000 मतपत्रिकांमधून पहिल्या आकडेवारीत 164 मतं दिसली. आकडा पाहूनच लोकांना कळलं की काहीतरी बिनसलंय. पण या यंत्रांबरोबर कागद होता. तो रातोरात मोजला गेला आणि तोच उमेदवार थोडक्या मतांनी जिंकलेला निघाला. यंत्रं दोन्हीकडे चुकली. एका ठिकाणी प्रकरण महिनोन्‌महिने चिघळलं, दुसऱ्या ठिकाणी सकाळपर्यंत निकाली निघालं. दोन उदाहरणांच्या मध्ये एवढंच लिही, बाकी वाचणारा समजून घेईल.

बेल्जियममधल्या शारबेकचं प्रकरण तुझ्या यादीत नाही, मला ते फार आवडतं. 2003 साली तिथे एका उमेदवाराला नेमकी 4,096 मतं जास्तीची पडली. प्रोग्रॅमरने हा आकडा बघितला की तो खुर्चीत सरळ होऊन बसतो, कारण हा दोनाचा बारावा घात आहे, आणि यंत्राच्या स्मृतीतली शून्य-एकाची प्रत्येक जागा, म्हणजे बिट, दोनाच्या एकेका घाताएवढी असते. शोधूनही प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. स्मृतीतला एक बिट आपसूक उलटला असावा, असं शेवटी ठरलं. पकडलं गेलं ते का, तर त्या उमेदवाराची मतं शक्य होती त्याहून जास्त दिसत होती. आता विचार कर, त्याहून बराच खालचा एखादा बिट उलटला असता तर? 64 मतं वाढली असती. 64 मतांकडे कोण बघतं?

याचं नेमकं सूत्र 2006 साली रोनाल्ड रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी मांडलं. रिव्हेस्ट म्हणजे संगणकावरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या आरएसए कूटपद्धतीतला 'आर', संगणकाचे वैरी म्हणावेत असे गृहस्थ नव्हेत. त्यांचं म्हणणं असं: सॉफ्टवेअरमधल्या कुणाच्या लक्षात न आलेल्या बदलामुळे किंवा चुकीमुळे निकालात पकडता न येणारा बदल होऊ शकत असेल, तर ती मतदान पद्धत चालणार नाही. बघ, सॉफ्टवेअर निर्दोष असलं पाहिजे असं ते म्हणत नाहीत. ते कधी नसतंच. चूक झाली तर ती उघडी पडली पाहिजे, इतकीच अट आहे. हे तुझ्या निवेदनात तुझ्या शब्दांत यायला हवं. 'यंत्र हॅक होऊ शकतं' यावर वाद घालत बसलीस तर समोरचा म्हणेल, करून दाखवा. आणि मग तुमची सगळी शक्ती त्या जत्रेत जाईल.

आता जर्मनी. तू त्यावर एकच ओळ लिहिलीयस, 'जर्मनीने यंत्रांवर बंदी घातली.' एवढं सोनं एका ओळीत वाया घालवू नकोस. 2005 च्या संसदीय निवडणुकीत तिथल्या सुमारे 20 लाख मतदारांनी यंत्रावर मत दिलं. एक भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे वडील न्यायालयात गेले. 3 मार्च 2009 रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला की मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत आणि या यंत्रांत ते शक्य नाही. म्हणून त्यांचा वापर घटनाबाह्य. पण निवडणूक रद्द केली का? नाही. यंत्रांनी चूक केल्याचा पुरावा पुढे आलेला नव्हता, म्हणून निवडून आलेली संसद तशीच राहिली. यंत्रं गेली आणि निकाल टिकला, दोन्ही एकाच निकालपत्रात. मी तुझा तिसरा परिच्छेद खोडला तो नेमका याच कारणासाठी. त्या दोघांनी 'घोटाळा' शब्दावर खटला उभा केला असता तर ते हरले असते.

हॉलंडची गोष्ट जरा गमतीची आहे. 2006 मध्ये तिथल्या कार्यकर्त्यांनी मतदान यंत्र मिळवलं आणि त्यावर बुद्धिबळाचा खेळ चालवून दाखवला. दोन वर्षांत देश कागद आणि लाल पेन्सिलीवर परत आला. मुलांना सांगायला गोष्ट छान आहे, निवेदनात घालायची तर एका वाक्यात घाल.

इथवर तू माझ्याबरोबर असशील. पुढच्या भागात आपलं भांडण होणार आहे.

तुझ्या मागणीचं पहिलं वाक्य 'मतदान कागदावर घ्यावं' असं आहे आणि तिथेच पूर्णविराम आहे. नुसता कागद म्हणजे निम्मंच काम. पेटीत पडून राहिलेला आणि कुणीच न पाहिलेला कागद असून नसल्यासारखा. आणि कागदावर लबाडी होत नाही असं जर तुला वाटत असेल तर मलावी आठव. मे 2019 मध्ये तिथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली, कागदावरच. मोजणीच्या तक्त्यांवर व्हाइटनर लावून आकडे बदललेले निघाले. फेब्रुवारी 2020 मध्ये न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली आणि फेरनिवडणुकीत विरोधी उमेदवार जिंकला. पण एक लक्षात घे, व्हाइटनर दिसतं. कागदावर केलेली लबाडी कागदावरच राहिली आणि न्यायाधीशांच्या हातात पडली.

ऑस्ट्रियाची गोष्ट याहून बोलकी आहे. मे 2016 मध्ये अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत अंतर होतं 30,863 मतांचं. काही जिल्ह्यांत टपाली मतांची पाकिटं वेळेआधी किंवा अधिकार नसलेल्या माणसांनी उघडली होती. अशी मतं 77,000 च्या वर. कुणी मतं फिरवल्याचा पुरावा नव्हता, तरी घटना न्यायालयाने 1 जुलैला सगळी फेरीच रद्द केली. पाकीट कुणी उघडलं, कुणासमोर उघडलं, ही बारीकसारीक वाटणारी बाब अख्ख्या देशाची निवडणूक पुन्हा घ्यायला पुरली. आणि पुन्हा घ्यायची तारीखही पुढे ढकलावी लागली, कारण नव्या टपाली पाकिटांचा डिंक चिकटत नव्हता! तो डिंक मी विसरू शकत नाही. निवडणुकीची सुरक्षा म्हटलं की तुम्हा मुलांच्या डोळ्यांसमोर काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं येतात. मला डिंक, सुतळी, लाख आणि सह्यांचं रजिस्टर दिसतं. पेटी बंद झाल्यापासून तिच्या सीलचा नंबर काय होता, ती कुणाच्या ताब्यातून कुणाच्या ताब्यात गेली, खोलीची किल्ली कुणाकडे, दार किती वाजता उघडलं, प्रत्येक वेळी दोन बाजूंच्या सह्या आहेत का, हे सगळं तुझ्या मागणीत यायला हवं. कंटाळवाणं आहे, मान्य. मी तरुणपणी या भागाला 'कारकुनी' म्हणायचे.

एका मोजणीत मी निरीक्षक म्हणून बसले होते. लांब टेबल, एका बाजूला दोन मोजणारे, समोर उमेदवारांचे प्रतिनिधी. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे रबरबँड लावून रचले जात होते. एक गठ्ठा दुसऱ्याने मोजला तेव्हा चोवीस भरला. पुन्हा मोजला, चोवीस. पहिली मोजणारी बाई तिच्या पंचविसावर ठाम. दोन्ही पक्षांची माणसं टेबलावर ओणवी झाली, हात मात्र पाठीमागे, कारण हात लावायची मनाई. तिसऱ्यांदा तिने एकेक मतपत्रिका हवेत धरून फडफडवली तेव्हा एकीच्या पोटातून दुसरी सुटली. बोटं ओली करायच्या स्पंजचं पाणी लागून दोन चिकटल्या होत्या. पंचवीस भरले. समोरच्या पक्षाचा मुलगा, मघापर्यंत आवाज चढवून बोलत होता तो, 'ठीक आहे' म्हणून खाली बसला. चूक झाली, सगळ्यांच्या देखत झाली, सगळ्यांच्या देखत सुटली. तो मुलगा ती निवडणूक हरलेल्या बाजूचा होता. संध्याकाळी जाताना त्याने त्या बाईला नमस्कार केलेला मी पाहिला.

आता तू म्हणशील, मग सगळी मतं हातानेच मोजू या. मी त्या बाजूची नाही. एका पानावर एकच लढत असेल तर हाताने मोजणं सोपं जातं. पण काही देशांत एकाच मतपत्रिकेवर वीस-तीस पदं असतात, तिथे दमलेली माणसं यंत्रापेक्षा जास्त चुका करतात. मोजू दे यंत्राला. फक्त त्याची परीक्षा माणसांनी घ्यायची, निकाल जाहीर होऊन पक्का व्हायच्या आत.

ही परीक्षा किती स्वस्तात होते ते तुला गणितानेच दाखवते. समज, यंत्र म्हणतंय की एक उमेदवार 2 टक्क्यांनी जिंकला. खरं तर तो जिंकलेलाच नसेल, तर निदान 1 टक्का मतपत्रिका यंत्राने एकाच्या दुसऱ्याला लिहिलेल्या असल्या पाहिजेत, कारण एक मत इकडचं तिकडे गेलं की अंतर दोनाने बदलतं. आता सोडत काढून 300 मतपत्रिका उचल आणि प्रत्येक कागद त्याच कागदाच्या यंत्रातल्या नोंदीशी ताडून पाहा. शंभरात एक चुकीची असताना तीनशेतली एकही हाताला न लागण्याची शक्यता 5 टक्क्यांच्याही आत येते. एकूण मतं एक लाख असोत की एक कोटी, हा आकडा जवळपास तोच राहतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त शीत कुठलं उचलायचं ते स्वयंपाक्याने ठरवायचं नाही. अंतर कमी असेल तर नमुना मोठा घ्यायचा, आणि नमुन्यात गडबड दिसली तर पुढे मोजत जायचं, गरज पडली तर शेवटच्या कागदापर्यंत. या पद्धतीला जोखीम-मर्यादित तपासणी म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी ती 2008 च्या सुमारास बांधली आणि 2017 मध्ये तिथल्या कोलोरॅडो राज्याने ती पहिल्यांदा राज्यभर राबवली. तिथे सोडतीचा आकडा कसा ठरतो माहीत आहे? लोकांसमोर दहा बाजूंचा फासा वीस वेळा टाकतात आणि पडेल तो अंक लिहीत जातात. वीस अंकी संख्या तयार होते, तिच्यावरून कुठल्या मतपत्रिका काढायच्या ते निघतं. एवढ्या मोठ्या गणिताच्या मुळाशी लहान मुलालाही समजेल असा फासा ठेवलाय, हे मला फार मोलाचं वाटतं.

भारताचं उदाहरण तू घातलं आहेस आणि तिथे तुझी चूक गंभीर आहे. 'सर्वोच्च न्यायालयाने यंत्रं सदोष ठरवली' असं काही झालेलं नाही. 2013 च्या सप्टेंबरात नागालँडमधल्या नोकसेन मतदारसंघात व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर छापून मतदाराला दाखवणारं यंत्र, पहिल्यांदा वापरलं गेलं. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला न्यायालय म्हणालं की कागदी माग ही मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीची अनिवार्य गरज आहे. एप्रिल 2019 मध्ये न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितल्या. मग 26 एप्रिल 2024 रोजी, मतपत्रिकांकडे परत जाण्याची आणि शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. मात्र यंत्रात उमेदवारांची चिन्हं भरायची उपकरणं निकालानंतर 45 दिवस सीलबंद ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना 5 टक्के यंत्रांची तपासणी मागायची मुभा दिली. आजवर जुळवलेल्या चिठ्ठ्यांत एकाचं मत दुसऱ्याला गेल्याचं एकही प्रकरण नाही, असं निवडणूक आयोग सांगतो. तेही लिही, लपवू नकोस. आणि नियमच असा आहे की चिठ्ठ्या आणि यंत्र जुळले नाहीत तर चिठ्ठ्यांची मोजणी धरायची. म्हणजे कागदाचा मान कायद्याने आधीच मोठा ठेवलाय. मग तुझा मुद्दा काय उरतो? उरतो, आणि चांगला धारदार उरतो. पाच हा आकडा लढतीतलं अंतर बघत नाही. समज, एका क्षेत्रात 200 केंद्रं आहेत आणि त्यातल्या 10 केंद्रांत गडबड आहे. पाच केंद्रं उचलली तर शंभरातल्या सत्त्याहत्तर वेळा त्यात गडबडीचं एकही केंद्र येणार नाही. अंतर पन्नास हजारांचं असेल तर पाच पुरतील, दोनशेचं असेल तर नाही पुरणार. नमुना अंतराप्रमाणे ठरवा, एवढीच मागणी कर. न्यायालयाने फेटाळलेल्या दोन्ही मागण्यांहून ती वेगळी आहे आणि कुणाला चोर म्हटल्याशिवाय करता येते.

चिठ्ठीवरून आठवलं. मतपत्रिकेवर मतदाराने स्वतः खूण करणं आणि यंत्राने छापलेला कागद मतदाराने बघणं, या दोन्हींना तू एकच समजलीयस. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 241 लोकांना घेऊन लुटुपुटीचं मतदान घेतलं आणि छापील मतपत्रिकेवर मुद्दाम एक मत बदललं. काही सूचना न देता सोडलं तेव्हा केंद्रावरच्या माणसाला 'हे चुकलंय' असं सांगणारे निघाले 6.6 टक्के. 2020 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या हाताने केलेली खूण पुन्हा वाचावी लागत नाही, छापून आलेली वाचावी लागते आणि लोक वाचत नाहीत. म्हणून हाताने खूण हीच मुख्य पद्धत असावी. पण ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांच्या हाताला पेन धरता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक केंद्रावर छापणारं यंत्र हवंच. तुझ्या मसुद्यात त्यांचा उल्लेखच नाही. एका अंध वकिलाने मला एकदा भर बैठकीत विचारलं होतं, 'तुमच्या गुप्त मतदानात माझं मत माझ्या शेजाऱ्याने लिहायचं का?' तो प्रश्न तुला कुणी विचारायच्या आधी उत्तर लिहून ठेव.

इंटरनेटवरून मतदान हा विषय निवेदनातून काढून टाक. 2010 साली वॉशिंग्टन शहराने चाचणीसाठी तशी सोय उघडली आणि लोकांना आव्हान दिलं. मिशिगनच्या विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत ती काबीज केली आणि मत दिल्यावर त्यांच्या विद्यापीठाचं गाणं वाजू लागलं. त्यावर स्वतंत्र पत्र लिहीन.

आता थोडं अवघड. तुझ्या गटातल्या मंडळींचे फोटो मी पाहिले. सगळे एकाच बाजूचे दिसतात, आणि त्यांची बाजू नुकतीच हरलीय. याच माणसांनी पुढच्या खेपेला जिंकल्यावरही हेच निवेदन दिलं तर मी तुमच्याबरोबर फाटकाशी उभी राहीन. 2020 साली अमेरिकेतल्या जॉर्जियाकडे बघ. 2019 पर्यंत तिथे कागदाशिवायची यंत्रं होती. ती बदलली आणि वर्षभरात अध्यक्षपदाची अशी लढत आली की हरलेल्या बाजूने आकाशपाताळ एक केलं. राज्याने सुमारे 50 लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. फ्लॉइड काउंटीत न मोजलेल्या सुमारे 2,600 मतपत्रिका सापडल्या, अंतर थोडं कमी झालं, निकाल तोच राहिला. ज्यांना मानायचंच नव्हतं त्यांनी तरी मानलं नाही, हे खरं. पण न्यायालयात, वर्तमानपत्रात, शेजाऱ्याशी बोलताना ज्याला खरं जाणून घ्यायचं होतं त्याच्यासाठी कागद होता. जुनी यंत्रं असती तर मोजायला काय उरलं असतं? आणि हेही बघ की कागदासाठी वर्षानुवर्षं भांडलेली माणसं त्या हिवाळ्यात जाहीरपणे सांगत होती की या निकालात घोटाळ्याचा पुरावा नाही. त्यांना दोन्हीकडून शिव्या बसल्या. तुलाही बसतील.

आणखी एक. निवडणुकीच्या कामाला लावलेली शिक्षक, कारकून, शिपाई मंडळी तुझी शत्रू नाहीत. पहाटे चारला उठून पेट्या उचलणारी ती माणसं आहेत. तुझ्या 'फेरफार' शब्दाने पहिला डाग लागतो तो त्यांच्यावर. यंत्र बनवणाऱ्याला काही वाटत नाही, वर्गात मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या बाईंना वाटतं. तपासणीची सोय त्यांच्याही रक्षणासाठी आहे, असं त्यांना सांगून बघ. मला आतली सर्वांत उपयोगी माहिती अशाच माणसांनी दिली, कुठली पेटी नीट बंद होत नाही इथपासून.

तर आता असं कर. तिसऱ्या परिच्छेदाच्या जागी जर्मनी घाल. मागण्या चारच ठेव: मतदाराने स्वतः खूण केलेला कागद, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी छापणारं यंत्र, पेटीच्या ताब्याची उघडी नोंद, आणि अंतराप्रमाणे नमुना घेऊन निकाल पक्का व्हायच्या आत हाताने तपासणी. बाकीच्या सात मागण्या चांगल्या आहेत, त्या वहीत राहू देत. 'लोकशाहीचा खून' हे शब्द दोन ठिकाणी आहेत, दोन्हीकडून काढ. गणिताचा परिच्छेद तू स्वतः करून बघ, 0.99 चा तीनशेवा घात. तू करून पाहिलेलं असलं की विचारल्यावर अडखळणार नाहीस.

नवा मसुदा शनिवारपर्यंत पाठव, म्हणजे रविवारी वाचून होईल. आणि येत्या मोजणीला निरीक्षक म्हणून अर्ज कर, मुदत जवळ आलीय. आत फोन नेऊ देत नाहीत, तेव्हा घड्याळ लाव, दोन पेनं ने. हात पाठीमागे बांधून उभं राहायची सवय आतापासून कर, आठ तास फार होतात.

तुझी,
लाल पेनवाली